सांगली इज फेमस फॉर टर्मरिक

दर फेब्रुवारीत आयआयएमच्या, म्हणजे देशातल्या नामवंत व्यवस्थापन संस्थांच्या, एमबीए प्रवेशाच्या मुलाखतीत कुठल्या ना कुठल्या पॅनेलसमोर हे घडतं. मुंबईतल्या एखाद्या हॉटेलची मीटिंग रूम, टेबलापलीकडे दोन-तीन प्राध्यापक, गार झालेला चहा. मुलगा सांगलीचा, इंजिनिअर, कॅटचं, म्हणजे या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेचं, पर्सेंटाइल नव्याण्णवच्या वर. 'तुमच्या गावाबद्दल सांगा' म्हटल्यावर तो घडाघडा सुरू होतो : "सर, सांगली इज फेमस फॉर टर्मरिक." पॅनेलमधल्या बाई सहज विचारतात, "व्हाय सांगली?" हळद सांगलीतच का? त्यांच्या आवाजात कसलाही कावा नसतो. त्यांना खरंच ऐकायचं असतं. आणि तिथं गाडी अडते. मुलगा आधी हसतो, मग 'सॉइल' म्हणतो, मग 'क्लायमेट' म्हणतो, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. सहा महिने त्यानं रेपो दर, क्रिप्टो, जीएसटीचे टप्पे, युक्रेनचं युद्ध सगळं पाठ केलेलं असतं. ज्या बाजारपेठेवरून तो दहा वर्षं सायकलनं शाळेत गेला, तिच्याबद्दल मात्र त्याच्याकडे एका वाक्यापलीकडे काही नसतं.

ही रुखरुख अशासाठी की त्या एका वाक्याखाली किती माल दडलेला असतो! सांगलीशेजारच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची पद्धत होती. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. म्हणजे पिकाइतकीच साठवणुकीनंही सांगली मोठी केली. भाव पडला की माल पेवात टाकायचा, चढला की काढायचा. २००५ च्या महापुरात यातली पुष्कळ पेवं निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. इकडे मराठवाड्यात हिंगोली, नांदेड, परभणी या पट्ट्यात हळदीचं क्षेत्र वाढत गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय गेलं तेलंगणातल्या निजामाबादला. ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात येते तोवर तिचं वजन पाचव्या हिश्शाच्या आसपास उरतं. वायदेबाजारात हळदीचे सौदे होतात. यातलं काहीही गुपित नाही, घरातल्या आजोबांना किंवा ओळखीच्या अडत्याला अर्धा तास विचारलं तरी निम्मं कळतं. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात एकेक विषय आहे. साठवणूक, प्रतवारी, किमतीची जोखीम, ब्रँडिंग. पॅनेलवरच्या बाईंनी मुलाला घरचं मैदान देऊ केलं होतं आणि त्यानं ते सोडून दिलं.

छाप पाडायची म्हणजे काय, याबद्दल क्लासच्या बाजारात जे विकलं जातं त्यात हस्तांदोलन किती घट्ट असावं, डोळ्यांत किती वेळ बघावं, हात कुठं ठेवावेत याला भारी मान आहे. वाईट नाही ते. पण पॅनेल एका सत्रात सात-आठ जणांना भेटतं आणि त्या सगळ्यांचे हात एकाच क्लासमध्ये एकाच जागी ठेवायला शिकलेले असतात. संध्याकाळी प्राध्यापकांना आठवतो तो ज्याच्याशी बोलताना त्यांना स्वतःला एखादी नवी गोष्ट कळली तो. मुलाखतीचं यंत्र तसं अगदी साधं आहे. पुढचा प्रश्न बहुतेक वेळा मागच्या उत्तरातल्या एखाद्या नामातून निघतो. 'टर्मरिक' म्हटलंत की हळद येणार, 'स्टार्टअप' म्हटलंत की तोटा कसा मोजता हे येणार, 'लीडरशिप' म्हटलंत की कुणाला कामावरून काढलंय का, हे येणार. आपण बोललेलं प्रत्येक नाम म्हणजे समोरच्याच्या हाती दिलेली दोरी. ती ओढली तर मागून काय येईल हे आपल्याला आधी ठाऊक हवं.

म्हणून तयारीची पहिली पायरी चालू घडामोडी नव्हे, स्वतःचा फॉर्म. कॉल आला की अर्जाची प्रिंट काढायची आणि लाल पेनानं प्रत्येक नामाखाली रेघ मारायची. शाळा, गाव, कॉलेज, प्रोजेक्टचं नाव, कंपनी, छंद, बक्षीस. साधारण तीस-चाळीस रेघा होतात. प्रत्येकीला तीन वेळा 'का' आणि एकदा 'किती' विचारायचं. प्रोजेक्ट 'सोलर ड्रायर'चा होता? तोच का? पॅनेल कलते का ठेवले? आतलं तापमान किती चढलं? किती किलो माल सुकला, खर्च किती आला? तिसऱ्या 'का'ला जीभ अडखळली तर दोनच वाटा : शोधून काढा, नाहीतर ते नाम फॉर्ममधून गाळा. फॉर्म आधीच भरून गेला असेल, आणि तो बहुतेकांचा गेलेलाच असतो, तर निदान बोलताना ते नाम स्वतःहून तोंडात येऊ देऊ नका. प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर, आता कशाला बोलायचं. पण पॅनेलला दीड मिनिटात कळतं एवढं नक्की.

आपल्याकडे यात आणखी एक गोम आहे. राज्याच्या सीईटीतून एमबीएला जाणाऱ्यांचे प्रवेश कॅप राउंडमध्ये गुणांवर होतात, तिथं मुलाखत नाही. इंजिनिअरिंगलाही नव्हती. कॅम्पस प्लेसमेंटची एचआर राउंड ही मुलाखत म्हणावी एवढी नसते, आणि बारावीच्या प्रॅक्टिकलची तोंडी तर कुणी मोजूच नये. म्हणजे महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलामुलींना बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली खरी मुलाखत मिळते ती थेट अहमदाबाद, बंगळूर, कलकत्त्याच्या पॅनेलसमोर. आणि तिथं वजनही थोडंथोडकं नसतं. अहमदाबादच्या अंतिम यादीत मुलाखतीचा वाटा कॅटच्या गुणांहून मोठा आहे. काही नव्या आयआयएम मिळून एकच मुलाखत घेतात, तिला मुलं 'कॅपचा कॉल' म्हणतात (राज्याच्या कॅप राउंडशी याचा संबंध नाही). तिथं बिघडलं की एका दमात अनेक ठिकाणी बिघडतं.

छंदांच्या रकान्याकडे वळू. पुण्या-नाशिकच्या फॉर्मांवर तिथं हटकून 'ट्रेकिंग' असतं. वर्षातून एकदा पावसाळ्यात लोहगड चढून भजी खाल्ली की तो ट्रेकर. मग पॅनेलवर एखादा सह्याद्रीत हिंडलेला प्राध्यापक निघतो, तो राजगडाच्या माच्या विचारतो. सुवेळा, संजीवनी, पद्मावती ही तीन नावं आली तर बरं; संजीवनीची दुहेरी तटबंदी कशासाठी, शत्रू पहिल्या भिंतीतून आत आला तर त्याचं काय होतं, हे सांगता आलं तर त्या खोलीतली हवाच बदलते. हेच 'तबला' लिहिणाऱ्याचं. तीनतालाच्या सोळा मात्रा सगळेच सांगतात. रूपक किती मात्रांचा, तर सात. इथंवरही ठीक. मग प्रश्न येतो की रूपकात वेगळं काय. ज्यानं हातांनी वाजवलाय तो लगेच सांगतो की याची सम 'खाली'वर येते, पहिल्या मात्रेला टाळी नाही. सांगता सांगता त्याची बोटं टेबलाच्या कडेवर तीन-दोन-दोन मोजायला लागतात. ही बोटं शिकवून हलत नाहीत. पाच वर्षं क्लासला गेलेल्याचीच हलतात, आणि प्राध्यापक नेमकं तेच बघत असतो. त्यातून तबलजी मिळवायचा नसतो त्याला. हा माणूस एखादी गोष्ट धरून ठेवतो का, एवढंच कळून घ्यायचं असतं.

दोनच छंद लिहावेत, खरे लिहावेत. 'वाचन' लिहिलं तर गेल्या सहा महिन्यांतलं एक पुस्तक पूर्ण आठवलं पाहिजे, आणि ते मराठी असलं तर काहीही बिघडत नाही. उलट पॅनेलवर दुसऱ्या भाषेचा माणूस असेल तर त्याला तुम्ही सांगाल ते सगळं नवं असतं.

आता अभ्यासाचं. फ्रेशरला पदवीच्या विषयांवर विचारणार हे गृहीत धरा, आणि 'आम्हाला आता मॅनेजमेंट करायचंय, थर्मो कशाला' ही तक्रार बाहेर ठेवून आत जा. "तुमचे आवडते दोन विषय सांगा" हा प्रश्न वरकरणी उदार आहे. पण आवडता म्हणून सांगितलेल्या विषयात मूलभूत गोष्ट आली नाही तर तिथं दयामाया नाही. मेकॅनिकलवाल्याला विचारतात, डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कार्यक्षम का? पाठांतरवाला म्हणतो, डिझेल सायकलची एफिशियन्सी जास्त असते म्हणून. चूक. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये किती पट दाबलं जातं ते, सारखा धरला तर ऑटो सायकल, म्हणजे पेट्रोल इंजिनाचीच सायकल, सरस ठरते. डिझेल पुढं जातं ते त्यात रेशो बराच जास्त ठेवता येतो म्हणून. आणि तो ठेवता येतो, कारण दाबली जाते ती नुसती हवा. इंधन शेवटी येतं, त्यामुळे ते आधीच पेट घेण्याची भीती नाही. एवढं तीन वाक्यांत सांगणाऱ्याला पुढं कुणी छळत नाही. बीकॉमवाल्याला डिफर्ड टॅक्स येतो. कंपनी कायद्याच्या हिशेबात घसारा मालमत्तेच्या आयुष्यावर धरतात, प्राप्तिकराच्या हिशेबात ठरलेल्या दरानं घटत्या किमतीवर. दोन नफे वेगळे निघतात आणि त्यातून आज न भरलेला पण पुढं भरावा लागणारा कर उभा राहतो. इथं आकड्यांचं छोटं उदाहरण देता आलं पाहिजे. समोर कागद ठेवलेला असतो तो त्यासाठीच, "मे आय यूज धिस पेपर?" म्हणून पेन उचलणं हे बुजरेपणाचं लक्षण नाही.

आणि येत नसेल तर पहिल्या पाच सेकंदांत तसं सांगावं. 'आय डोन्ट नो, सर.' पूर्ण वाक्य, पूर्ण आवाजात. वीस मिनिटांच्या मुलाखतीत असं दोन-तीनदा म्हटल्यानं कुणी बुडालेलं नाही. बुडतात ते अंधारात काठी फिरवणारे, कारण खोट्या उत्तरावर पॅनेल थांबत नाही, उलट तिथंच तळ ठोकतं. एक मधली वाटही आहे आणि ती फार कमी जण वापरतात : "नेमकं माहीत नाही, पण विचार करून सांगू का?" परवानगी मिळाली तर विचार मोठ्यानं करायचा. उत्तर चुकलं तरी चालतं. हे मात्र एकदाच, दुसऱ्यांदा केलं की युक्ती वाटते.

मोठ्यानं विचार करायचा म्हणजे कसा, तर अंदाजाचे प्रश्न बघा. "बाहेरच्या टपरीवर रोज किती चहा खपतो?" मुलं घाईनं आकडा फेकतात, तोही गोल. त्यापेक्षा पायऱ्या सांगाव्यात. टपरी सकाळी सहा ते रात्री नऊ, पंधरा तास. त्यातले पाच तास गर्दीचे, तासाला साठ कप. उरलेले दहा तास सुस्त, तासाला वीस. तीनशे आणि दोनशे मिळून पाचशे कप. दहा रुपये कप धरला तर पाच हजारांचा गल्ला. मग स्वतःच पडताळायचं : तासाला साठ म्हणजे मिनिटाला एक कप, दोन माणसांना जमेल. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'मग सुटतं किती?' कपाला तीस मिली दूध धरून पंधरा लिटर, साठच्या भावानं नऊशे. साखर चार किलोच्या आसपास, पावणेदोनशे-दोनशे. चहा पावडर किलोभर, चारशे. गॅसचे पाचशे. दोन पोऱ्यांचे मिळून हजार. तीन हजार गेले, दोन हजार उरले, आणि त्यात जागेचं भाडं अजून धरलेलंच नाही. हे शेवटचं वाक्य स्वतःहून बोलणारा उमेदवार बाजी मारतो, कारण हिशेबात काय राहिलंय ते त्याला दिसतं. आकडे खरे असलेच पाहिजेत असं नाही. कुठला आकडा कुठून आला ते दिसलं पाहिजे.

'टेल मी अबाउट युअरसेल्फ'वर पोथ्या लिहिल्या गेल्यात. दीड मिनिटाच्या आत संपवा. फॉर्मवर जे छापलंय ते परत वाचून दाखवू नका; समोरच्याच्या हातात तो कागद आहे. तीन गोष्टी पुरतात : कुठून आलात, कशात वेळ घातलात, आता इथं का बसलात. आणि बोलण्याचा शेवट अशा नामावर करा ज्यावर तुम्हाला पुढचा प्रश्न हवाय.

'एमबीए का?' याचं उत्तर मात्र मला अजूनही कुणाचं पूर्ण पटलेलं नाही. चार वर्षं कॉम्प्युटर शिकलेला, आयटीत दीड वर्ष काढलेला मुलगा 'होलिस्टिक पर्स्पेक्टिव्ह' म्हणतो तेव्हा त्यालाही ठाऊक असतं आणि पॅनेललाही, की पगार हे कारण आहे. ते सरळ सांगण्याची प्रथा नाही. मग सांगायचं काय? चालतात ती उत्तरं कामाच्या एखाद्या अडलेल्या ठिकाणापासून सुरू होणारी. क्लायंटनं बदल मागितला, तो करायला सहा आठवडे लागणार होते, विक्रीवाल्यानं दोन सांगून ठेवले होते. दोन आठवडे हा आकडा कुणी, कशावरून ठरवला हे मला कळत नव्हतं, ते कळून घ्यायचंय. यात खोटं काही नाही आणि 'सिनर्जी'ही नाही. फ्रेशरकडे असं ठिकाण नसतं, त्यानं ते कॉलेजच्या गॅदरिंगच्या हिशेबात शोधावं. बहुतेक वेळा सापडतं. 'माझा दोष म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे' हे वाक्य मात्र कायमचं पुरून टाकावं.

मराठी माध्यमातून आलेल्यांच्या पोटात सगळ्यात मोठा गोळा इंग्रजीचा. याबद्दल दोन्ही टोकांना खोटं बोललं जातं. 'भाषेनं काही फरक पडत नाही' हे खोटं आहे. विचार पोचलाच नाही तर गुण कशाला देणार? आणि 'फाडफाड बोललं पाहिजे' हेही खोटं आहे. उच्चाराला कुणी हसत नाही. पॅनेलवर बंगाली, तमिळ, तेलुगू बोलणारी माणसं असतात, प्रत्येकाच्या इंग्रजीला आपापल्या गावचा वास असतो. घात होतो तो लांब वाक्यांनी. मनात मराठी वाक्य रचायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, आणि 'विच' 'दॅट' जोडत जायचं, की मधेच कर्ता हरवतो आणि ततपप सुरू होतं. छोटी वाक्यं बोलायची, आठ-दहा शब्दांची. एक संपलं की थांबायचं. रोज वीस मिनिटं मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून ऐकलं तर तीन आठवड्यांत फरक कानांनाच कळतो. पहिल्या दिवशी ऐकवत नाही, हेही खरं. रेकॉर्डिंगमध्ये 'बेसिकली' आणि 'अ‍ॅक्च्युअली' मोजावेत. शहरी इंग्रजी माध्यमवाल्यांची या मोजणीत जास्त फजिती होते.

कागदपत्रांवर ललित लिहू नये म्हणतात, पण मुलाखतीच्या दिवशी सगळ्यात जास्त डोळे पाणावतात ते पडताळणीच्या टेबलावर. मुख्य भानगड दाखल्यांच्या नमुन्याची. ओबीसी नॉन-क्रीमीलेअर राज्याच्या नमुन्यातला वेगळा, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा. आयआयएमला केंद्राचा लागतो, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यात एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गात, असलेल्याला इथं तो प्रवर्गच नाही. निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला स्वतंत्र काढावा लागतो. ईडब्ल्यूएस आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, तेव्हा कुठल्या वर्षाचा हवा ते कॉल लेटरवरून शब्दन् शब्द वाचावं. कॅटच्या अर्जात एकदा नोंदवलेला प्रवर्ग नंतर बदलता येत नाही, त्यामुळे हे सगळं जानेवारीत कॉल आल्यावर नव्हे, ऑगस्टमध्ये फॉर्म भरतानाच सेतू केंद्राच्या खिडकीवर उभं राहून निस्तरायचं काम आहे. दुसरी भानगड नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर उलटा क्रम, पॅनवर कधी मधलं नाव गायब, आणि लग्न झालेल्या मुलीचं तर विचारूच नका. एक प्रतिज्ञापत्र करून फाइलला लावलं की टेबलावरचा माणूस शांत होतो. फाइलीचा क्रम असा : वर कॉल लेटर आणि ओळखपत्र, मग दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, मग प्रवर्गाचे दाखले, मग कंपनीचं अनुभवपत्र आणि पगाराच्या स्लिपा. मूळ प्रती एका बाजूला, स्वसाक्षांकित झेरॉक्स दुसऱ्या. कंपनीच्या पत्रावर रुजू झाल्याची तारीख आणि फॉर्मवर भरलेले महिने जुळतात का, हे घरीच बोटांवर मोजून घ्या. एका महिन्याचा फरकही विचारला जातो.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नये. फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे बूट, काळे मोजे. मुंबईतला फेब्रुवारी-मार्च म्हणजे घामाच्या धारा. ब्लेझर घालून लोकलमध्ये चढलात तर पॅनेलसमोर पोचेपर्यंत त्याची रया जाते. तो हातावर घ्यावा आणि वेटिंगमध्ये चढवावा. बूट नवे असतील तर आठवडाभर आधी घरात घालून फिरा, चावलेल्या टाचेनं चाल बदलते. मुलींनी साडी रोज नेसत नसाल तर त्या दिवशी प्रयोग करू नये. सलवार-कुर्ता आणि ओढणीला दोन पिना, कामाचं तेवढंच. मुलाखत ऑनलाइन असेल तर खिडकी पाठीमागं ठेवू नका, तोंड काळं दिसतं.

लेखी भागाबद्दल थोडक्यात. वॅटला, म्हणजे मुलाखतीच्या जोडीच्या लेखी चाचणीला, वीस ते तीस मिनिटं आणि साधारण अडीचशे-तीनशे शब्द. पहिली पाच मिनिटं पेन कागदाला न लावता विचार करायचा. हातानं लिहायची सवय सगळ्यांचीच गेलीय, म्हणून महिनाभर आधीपासून रोज एक पान लिहावं. पंधराव्या मिनिटाला बोटं आखडली की शेवटचा परिच्छेद कुणालाच वाचता येत नाही. अहमदाबादचा प्रकार निराळा. तिथं एक युक्तिवाद देतात आणि त्यातली गृहीतकं, कच्चे दुवे दाखवायला सांगतात. त्यात आपलं मत घुसडणाऱ्यांची संख्या दरवर्षी मोठी असते.

आत कधी कधी गरम होतं. एक प्राध्यापक मोबाइलमध्ये बघतोय, दुसरा प्रत्येक वाक्य मधेच तोडतोय. हा मुद्दाम घेतलेला ताण असतोच असं नाही. सकाळपासूनचा सातवा उमेदवार तुम्ही असता आणि माणसं थकतात. मोबाइलमध्ये बघणाऱ्याकडेही बोलताना नजर टाकत राहावी, कारण बऱ्याचदा शेवटचा आणि खरा प्रश्न तोच विचारतो. तुमचं मत खोडून काढलं तर लगेच 'येस सर, यू आर राइट' म्हणून पांढरं निशाण दाखवायचं नाही आणि भांडायचंही नाही. त्यांच्या बोलण्यात नवी माहिती असेल तर मत बदलावं आणि कशामुळे बदललं ते सांगावं. नुसता आवाज चढलेला असेल तर आपलंच म्हणणं दुसऱ्या शब्दांत, हळू पुन्हा मांडावं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सलते. जेवणाच्या टेबलावर वडील आणि काका शेअर बाजार बोलतात, अशा घरातल्या मुलीला या वीस मिनिटांची तालीम लहानपणापासून होत आलेली असते. जालन्याच्या वसतिगृहातून आलेल्याला खुर्चीत टेकून बसावं की पुढं सरकून, इथपासून सुरुवात. प्राध्यापकांना हे कळत नाही असं नाही. बरेच जण अशा मुलांना गावाचे, शेतीचे, घरच्या दुकानाचे प्रश्न मुद्दाम देतात, त्यांची जीभ सुटावी म्हणून. पण तिथं पुन्हा हळदीचा घोळ होतो. क्लासनं त्या मुलाला शिकवलेलं असतं की गावाकडचं बोलू नकोस, 'इंप्रेशन' पडत नाही. त्यामुळे तो बापाच्या किराणा दुकानातली उधारी लपवतो आणि केस स्टडीतली 'वर्किंग कॅपिटल' सांगतो. गल्ल्यावरच्या लाल वहीत कुणाचे किती थकलेत, कुणाला दिवाळीपर्यंत मुदत द्यायची आणि कुणाला आता माल बंद करायचा, हे तो दहा वर्षं बघत आलाय. तेच तर ते प्राध्यापक शिकवतात.

शेवटी विचारतात, 'तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?' नसेल तर 'नो सर, थँक यू' चालतं. वेबसाइटवर मिळणारी माहिती इथं विचारू नये, आणि 'माझी मुलाखत कशी झाली' हे तर अजिबात नको. असेल तर एकच, खरा प्रश्न : तुम्ही जो विषय शिकवता त्यात शेतमालाच्या बाजारावर काम चालतं का, असा काहीसा. मग उठायचं, खुर्ची आत सारायची, फाइल उचलायची. फाइल टेबलावर विसरणारे दरवर्षी सापडतात.

बाहेर आल्यावर घरी फोन करायच्या आधी वही काढावी आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न, शक्यतो त्याच क्रमानं, लिहून टाकावा. अर्ध्या तासात निम्मे विसरतात आणि उरलेल्यांची उत्तरं आपलं मन परस्पर सुधारून ठेवतं. प्रश्नाशेजारी तो आपल्या कुठल्या शब्दावरून आला तेही लिहायचं. बंगळूरनंतर चार दिवसांनी कॅप आणि आठवड्यानं इंदूर असेल तर फॉर्मवरची नामं तीच असतात, पॅनेल फक्त नवं. ज्या नामावर पहिल्यांदा अडखळलात त्यासाठी मधले चार दिवस आहेत. अडत्याचा नंबर घ्यायचा, फोन करायचा आणि सौदे संपायच्या वेळी बाजारात जाऊन उभं राहायचं.